नुजूमचा वाटा

कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा नुजूम तंदूरच्या आतल्या भिंतीला पोळी चिकटवत होती. दुसऱ्या घावाला ती उठली. तिसऱ्याला पिठाचे हात तसेच घेऊन डोंगरउतारावरून धावत सुटली.

दगडी बांध घालून डोंगरावर केलेल्या शेतांच्या पायऱ्या होत्या. त्यातल्या खालच्या पायरीवर तिचा भाऊ मुकबिल दोन मजुरांना घेऊन उभा होता. कॉफीची झाडं आडवी पडली होती. लालबुंद फळांसकट. एक मजूर त्यांच्यावरूनच चालत होता, पायाखाली फळं फुटत होती. बांधाला टेकून, ओल्या पोत्यात गुंडाळलेली कातची, म्हणजे चघळून नशा करायच्या पाल्याच्या झाडाची, रोपं ठेवली होती.

"फळं तरी उतरवू द्यायचीस!" नुजूम ओरडली.

"कोणासाठी?" मुकबिल म्हणाला. "लढाईपायी रस्ता बंद. माल बंदराला जात नाही, व्यापारी इकडे फिरकत नाही. गेल्या सालची पोती अजून माळ्यावर पडून आहेत. कातचा पाला सकाळी तोडला की दुपारी रोकडा. सगळा गाव तेच करतोय. मीच तेवढा वेडा?"

"मला विचारायचंस तरी."

"तुला?" त्याने मजुरांकडे बघून डोळा मिचकावला. "जा, पोळ्या करपतायत तुझ्या."

मजूर हसले.

नवरा वारल्यावर नुजूम भावाच्या घरी परत आली आणि पुढे मुकबिल सौदीत मजुरीला गेला. तो तिकडे असताना पडलेल्या दुष्काळात झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहून तिनेच ही झाडं जगवली होती. आता ती बांधावर बसून एकेक झाड पडताना बघत राहिली. रडायला येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. कानशिलं मात्र तापत गेली.

दुपारच्या अजानला मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. अर्धी पायरी उजाड झाली होती. "उरलेली उद्या," मुकबिल म्हणाला.

त्या दिवशी नुजूमने कोणाला वाढलं नाही.

जेवणं उरकून गावातले पुरुष रोजच्यासारखे मुस्लिहकाकांच्या वरच्या खोलीत कातचा पाला चघळायला जमले. मुस्लिहकाका गावातले थोर. तंटे तेच मिटवत आणि जुम्म्याचं प्रवचनही तेच देत. नुजूम त्यांचा जिना चढू लागली. परका पुरुष जिना चढताना "अल्लाह, अल्लाह" असं मोठ्याने म्हणत येतो, बायकांनी आडोशाला व्हावं म्हणून. नुजूम तेच म्हणत चढली, खणखणीत आवाजात. वरचं बोलणं थांबलं. तिने दार ढकललं. एकेका गालात पाल्याचा गोळा धरून बसलेले पुरुष तिच्याकडे बघतच राहिले. दाराशी ते दोन मजूरही होते.

"खाली जा," मुकबिल गुरगुरला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "काका, बाबांच्या जमिनीतला माझा वाटा मला वेगळा काढून हवाय."

कुणाला तरी ठसका लागला. गावातल्या एकाही बहिणीने आजवर हे मागितलं नव्हतं.

"पोरी," काका समजुतीने म्हणाले, "बहीण-भावात कसली वाटणी? ईदला तो तुला कापड घेतो, मांस आधी तुझ्या ताटात पडतं..."

"ते मांस ओकून परत देता आलं असतं तर दिलं असतं, काका."

"तोंड आवर!" मुकबिल अर्धवट उठला. "नवरा मेला तेव्हा दार कोणी उघडलं तुला? कोणाच्या छपराखाली झोपतेस?"

"आणि तू सौदीत होतास तेव्हा पाणी कोणाच्या डोक्यावर होतं? कॉफीचा दाणा जगाने प्यायला, आपण त्याची सालं उकळून प्यायलो. तरी झाडं मरू दिली नाहीत मी." ती काकांकडे वळली. "वारशात मुलाला दोन वाटे, तर मुलीला एक. दर जुम्म्याला तुम्हीच सांगता. की ते नुसतं सांगायला?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली. कोणी नजरेला नजर देईना. सगळ्यांनाच एकदम पाण्याच्या बाटल्या सापडल्या.

"हक्क आहे तिचा," काका शेवटी पुटपुटले. "नाही कसं म्हणू?"

"घे मग!" मुकबिल किंचाळला. "सगळ्यात वरची पायरी घे, दगडगोट्यांची. आणि माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. मला बहीण नाही."

"वरची नको. कुऱ्हाड आज जिथे थांबली तिथून पुढे. उभी झाडं माझी." तिने मजुरांकडे बोट केलं. "उद्या त्यातल्या एका फांदीला जरी हात लावलात, तर तो चोरीचा हात असेल. हसा आता."

कोणी हसलं नाही. मुकबिल काहीतरी बोलायला गेला, पण काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

ती जिन्यात आली. आज कुठे निजायचं, तिला ठाऊक नव्हतं. पण राग उतरला नव्हता, उलट आणखी चढला होता. चार वाक्यांत देता येत होतं, तर इतकी वर्षं ह्यांची तोंडं कशाने शिवली होती?

जिन्याच्या वळणावर मुस्लिहकाकांची थोरली बहीण हमामा भिंत धरून उभी होती. तरुणपणीच नवरा वारलेली, सगळी हयात भावाच्या चुलीपुढे काढलेली म्हातारी. तिने सगळं ऐकलं होतं. नुजूमला वाटलं, आता ही आपल्याला शिव्या घालणार.

म्हातारीने तिला हाताने बाजूला सारलं, ओढणी खोचली आणि वर तोंड करून हाक मारली.

"मुस्लिह, उठू देऊ नकोस कोणाला. मी वर येतेय."