ताऱ्याचा उजेड

वडिलांनी लाल पेनचं टोपण काढलं आणि लेकीचा शोधनिबंध पुढ्यात ओढला.

तीन वर्षं ती एका कोवळ्या ग्रहाच्या मागे हात धुऊन लागली होती. त्याच्याभोवती धुळीची चकती फिरते, पुढेमागे तिच्यातूनच त्याचे चंद्र घडणार. त्या चकतीत कोणते वायू आहेत, हे तिला शोधायचं होतं. खरी गोम शेजारच्या ताऱ्याची. त्याचा झगझगीत उजेड पुरता वजा केला नाही, तर त्याचंच काहीबाही ग्रहाच्या नावावर खपतं. आणि हाती आलं ते भलतंच: ताऱ्याच्या स्वतःच्या चकतीत भरपूर पाणी आणि ग्रहाच्या चकतीत मात्र ॲसिटिलीन, बेंझीन असे कार्बनी वायू! जन्म एकाच ढगातला, पण रसायन साफ निराळं. विश्वास बसेना म्हणून तिने सतरा वेळा वजाबाकी केली होती.

त्यात ती जिथे संशोधन करायची, त्या संस्थेचे प्रमुख वडीलच. "डोकं बापाचं, सही लेकीची," असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे.

वडिलांनी काही शब्द खोडले.

"बाबा, कुठे चुकलं?"

"ताऱ्याचा उजेड थोडा राहिला होता."

"शक्यच नाही! सतरा वेळा तपासलंय मी."

"तरी राहिला होता. काढला आता."

ते चष्मा पुसत बसले. तिने शेवटापासून एकेक पान उलटलं. आकड्यांना, आलेखांना कुठेच लाल रंग लागला नव्हता.

पहिल्या पानावर, शीर्षकाखाली, रिवाजाप्रमाणे तिच्या नावाशेजारी संस्थाप्रमुखांचं नाव होतं. तेवढंच खोडलेलं होतं.