आबांच्या देखत

मुख्याध्यापिकाबाईंनी हसून विचारलं, "टेल मी अबाउट युवर फॅमिली," आणि विजयमालाच्या जिवात जीव आला. हेच तर लेकीनं तिच्याकडून घोकून घेतलं होतं! रेश्मा सातवीतली, पण मास्तरीण म्हणून भलती कडक. एक गाय असली तर 'द काऊ गिव्हज मिल्क', आणि दावणीला चार असल्या की 'द काऊज गिव्ह मिल्क'. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. भाकरी थापताना, शेण काढताना, सणसरच्या त्या घरात दुसरं बोलणंच उरलं नव्हतं.

बारामतीच्या या इंग्रजी शाळेत बालवर्गाला ताई हवी होती. लग्न झाल्यापासून उसाच्या सऱ्यांत राबलेली विजयमाला पहिल्यांदाच स्वतःसाठी नोकरी मागायला आली होती, आणि ती तिला जिवापाड हवी होती. नवरा ऊसतोडीत अडकलेला, म्हणून सोबतीला सासरे आले होते, गेणबा आबा. बाहेर ऊन म्हणून बाईंनी त्यांनाही आतच बसवून घेतलं. तिथंच घोळ झाला.

"माय डॉटर गोज टू स्कूल. वुई हॅव फोर काऊज." गाडी झकास चालली होती.

"अँड युवर हजबंड? व्हॉट इज हिज नेम?"

आता आली का पंचाईत! सासऱ्याच्या देखत नवऱ्याचं नाव? घरात 'रेश्माचे पप्पा' यापलीकडं तिची कधी मजल गेली नव्हती. नाव घ्यायचं ते हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही बायकांत.

"रेश्माज फादर," ती पुटपुटली.

"नो, नो. हिज नेम."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हरकत नाही. इंग्रजी अजून कच्चं आहे तुमचं. पुढच्या वर्षी बघू."

आबा खुर्चीत पुढं सरकले. "काय इचारलं वो बाई तिला?"

"काही अवघड नाही, आजोबा. मालकांचं नाव विचारलं."

"हात्तिच्या!" आबांना हसूच फुटलं. "मंग तिला येतंय की! मीच आडवा आलोय. मी हितं बसल्यावर ती कशी घेईल नाव?" त्यांनी खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि पाठ करून बसले. "घे पोरी बिनघोर. मला कुठं विंग्रजी कळतंय?"

विजयमालानं पदर सावरला. "माय हजबंड्स नेम इज रविराज," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. "ही ग्रोज शुगरकेन. माय फादर-इन-लॉ फीड्स द काऊज. आय स्टडी इन द मॉर्निंग. ही मेक्स टी फॉर मी."

बाईंनी टोपण पुन्हा काढलं.

"सोमवारपासून या, ताई," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडं बघून विचारलं, "काय आजोबा, कळलं का काही?"

"एक अक्षर न्हाय बगा," आबा बाहेरच बघत म्हणाले. "पर त्ये च्याचं तेवढं आमच्या म्हातारीला सांगू नगा."