वेलाटीचं स्पेलिंग

"डब्ल्यू आहे का व्ही?" नत्थूजींनी चष्मा कपाळावर सारून पुन्हा विचारलं.

"व्ही," समीक्षा म्हणाली. "बाबा, तिसऱ्यांदा विचारून राह्यले तुम्ही."

"मंग ते आपलं गाव नाई. आपल्या वेलाटीले डब्ल्यू आहे. ग्रामपंचायतीची पाटी पाह्य."

पाटीवर डब्ल्यू होता हे खरं, पण ती वाचायला कोण येणार होतं? दोन महिन्यांपूर्वी पेपरात चौकट आली होती. कपाशीच्या बोंडअळीत नवा विषाणू सापडला, तोही वेगळ्याच कुळातला. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी त्या कुळासाठी 'वेलाटीव्हिरिडी' हे नाव सुचवलं आहे. हा विषाणू माणसाला काही करत नाही, उलट अळी मारतो, असंही खाली बारीक अक्षरात होतं. तेवढं कोणी वाचलं नाही.

गिरडच्या बाजारातून वेलाटीची वांगी टोपल्यांसकट परत येऊ लागली. सरपंच रुख्माबाईंच्या मुलीचं, हर्षाचं, सेलूचं स्थळ जमत आलं होतं. तिकडून निरोप आला, "जरा थांबू." बसचा कंडक्टर थांबा आला की ओरडायचा, "चला, व्हायरसवाले उतरा!"

नत्थूजी निवृत्त मास्तर, म्हणून 'नाव बदला' असा अर्ज लिहिणं त्यांच्याकडे आलं. एका कचेरीनं अर्ज दुसरीकडे धाडला. दुसरीनं 'विषय आमचा नाही' असं लिहून परत केला. पेपरवाल्यांना तीन पत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही. त्यांना रात्रीचं जेवण गोड लागेना. दिसेल त्या कागदावर ते दोन्ही स्पेलिंगं लिहीत बसत आणि खोडत.

शेवटी सगळा राग मुलीपुढे निघाला. समीक्षा नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि रविवारी घरी यायची.

"तुह्या लॅबमधले लोक ओळखत असतीन त्या शहाण्याले. जगात एवढे शब्द पडले, अन् त्याले आमचंच गाव भेटलं?"

"चांगल्या मनानंही ठेवलं असंन, बाबा."

"चांगल्या मनानं? त्या हर्षाले जाऊन सांग. पोरगी दोन दिवसांपासून जेवली नाई."

समीक्षानं त्यांचा खोडाखोडीचा कागद पुढ्यात ओढला. म्हणाली, "लॅटिनमध्ये 'वेलातुस' असा शब्द आहे. म्हणजे झाकलेला. हा विषाणू कवचात झाकलेला असते. नाव त्याच्यावरून असू शकते."

"असू शकते काय? आहे का नाई ते सांग. कागद लागते मले!"

"कागद आणून देते मी."

महिन्याभरात कागद आला. विषाणूंना नावं देणाऱ्या परदेशातल्या समितीचा होता. नत्थूजींनी तो ग्रामपंचायतीत उभं राहून मोठ्यानं वाचला आणि मराठीत फोड करून सांगितला. स्पेलिंग व्हीनंच. उगम लॅटिन. अर्थ झाकलेला. गावाचं नाव कुठंही नाही.

रुख्माबाईंनी तिथल्या तिथं फोटो काढून सेलूला पाठवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं, "गुरुवारी येतो." हर्षा घरात पळाली. लोकांनी समीक्षाला खुर्चीवर बसवून नारळ दिला.

दुपारी नत्थूजी तिला बसपर्यंत सोडायला आले. ती खिडकीशी बसली.

"एक राह्यलं," ते म्हणाले. "ज्यानं हे नाव सुचवलं ना, त्याले एकडाव वेलाटीले घेऊन येजो. तीन महिने गावाले रडवलं त्यानं. मले त्याच्या तोंडावर बोलाचं आहे."

"आणते," समीक्षा म्हणाली आणि खिडकीतून दुसरीकडे पाहू लागली.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत तिचा सहकारी मुकेश एक फाईल घेऊन आला.

"नावाचा दुरुस्त केलेला अर्ज तर मंजूर झाला. आता पहिला फाडून टाकू का?"

"फाड."

मुकेशनं कागद हातात घेतला आणि सवयीनं वरून खाली नजर फिरवली. नाव सुचवणाऱ्याच्या रकान्यात टाईप केलं होतं, 'डॉ. समीक्षा नत्थूजी झाडे'. त्याखाली, नावाच्या उगमापुढे : 'वेलाटी, माझं जन्मगाव. वडिलांना त्यांच्या पंचाहत्तरीची भेट.'