पद्माताई, प्लीज

तासगावच्या बेदाणा कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर गेला आणि पासवर्ड आला ऑफिसातल्या पद्माकडं. "एआय कुणाचाबी आवाज काढतंय. फोनवर पासवर्ड मागितला तर द्यायचा न्हाई," ही ताकीद खुद्द मालकांची.

दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून मालकांचा फोन आला. "पद्माताई, प्लीज, जरा पासवर्ड सांगता का? समोर मोठे व्यापारी बसलेत."

बारा वर्षांत मालकांच्या तोंडून 'ताई' कधी न ऐकलेल्या पद्मानं गपकन फोन कापला. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

तिसऱ्यांदा मालक व्यापाऱ्यांपासून लांब जाऊन कडाडले, "ए पद्मे, अक्कल काय बेदाण्यासंगं वाळत घातलीस व्हय गं?"

पद्माचा जीव भांड्यात पडला.

"आता वळखलं, मालक. घ्या लिवून पासवर्ड."