डावीकडे झुकलेली रेघ

चार वाजायच्या आत नकाशांतल्या सगळ्या मापरेषांच्या, म्हणजे लांबी-उंची दाखवणाऱ्या रेषांच्या, टोकांना बाण लागलेले हवेत, असा जकार्ताहून निरोप होता. लास्त्री त्यालाच बसणार, तेवढ्यात निवृत्त झालेले जुने नकाशाकार, सगळ्यांचे 'बापाक' म्हणजे वडीलधारे, सार्वोनो दारात हजर. तिने उठून रीतीप्रमाणे त्यांचा उजवा हात कपाळाला लावला.

"उद्या बालिकपापानला निघालो, लेकाकडे. म्हटलं, जाण्याआधी माझी रेघ एकदा बघून यावं," म्हणत त्यांनी तळलेल्या तेंपेची, सोयाबीनच्या वड्यांची, पुडी पुढे केली.

सेमारांगच्या या छोट्या, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात मापरेषेच्या टोकांना बाण कधी नसायचाच. असायची एक आखूड तिरकी रेघ, तीही जगाच्या उलट, डावीकडे झुकलेली. सार्वोनो डावखुरे. शाळेत छड्या खाऊन जेवणखाण, देणंघेणं सगळं उजव्या हातावर आलं, नकाशा तेवढा डाव्याने काढायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा लास्त्रीच्या शेजारी स्टूल ओढून त्यांनी तिला दिवसभर पिडलं होतं. अजून जरा झुकव, अजून जरा. कॉम्प्युटरलाही डावखुरं केलं तेव्हाच उठले. किती सुंदर दिवस होते ते! आता कार्यालय जकार्तावाल्यांचं झालं होतं.

तिने बालवाडीचा नकाशा उघडला. सार्वोनोंनी पडद्याला नाक लावलं. "आहे की गं अजून!" म्हातारा खुदकन हसला. यांनी तेंपे खाऊन निघावं, मग काय ते करू, असं लास्त्रीला वाटत होतं.

फोन वाजला. जकार्ताच्या युधाचा आवाज खोलीभर ऐकू गेला. "ताई, गेल्या का त्या उलट्या काड्या एकदाच्या?"

"करतेय," म्हणून तिने फोन ठेवला. मान काही वर होईना.

"काड्या म्हणतो होय?" सार्वोनोंनी पडद्याकडे बोट केलं. "दाब ते बटण. माझ्यासमोर दाब, पोरी. माझ्यामागे नको."

तिने बटण दाबलं. पानभर रेघा लुकलुकल्या आणि सगळीकडे बाण आले. एकच राहिली. हात धुण्याच्या बेसिनची उंची दाखवणाऱ्या मापरेषेच्या टोकाची रेघ तशीच डावीकडे झुकून उभी.

"ही का राहिली?"

"ही तुम्हीच काढलेली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी. कागदावर ओढतात तशा सुट्या रेघा ओढल्यात आणि वर आकडा लिहिलात. केवढी ओरडले होते मी! सुटी रेघ कशाला बांधलेलीच नसते, बापाक. बाकीच्या बदलल्या तरी तिला पत्ता लागत नाही." लास्त्रीचे डोळे भरून आले. "राहू दे ना. एवढ्याशा रेघेकडे कोण बघतंय?"

"गवंडी बघतो. एका नकाशात दोन हात दिसले की तो घोटाळ्यात पडतो. हे माप जुनं, रद्द झालेलं, असं धरून चालतो आणि पोरांचं बेसिन आपल्या मनाने मोठ्यांच्या उंचीला लावून मोकळा होतो. सरक."

त्यांनी माउस डावीकडे घेतला. एकेक रेघ शोधून पुसली. त्यांना दिसत नव्हतं नीट, वेळ लागला. लास्त्रीने मदत केली नाही.

"घाल तुझा बाण."

तिने घातला.

"आकडा तोच आला?"

"तोच."

"मग झालं तर."

निघताना दारापाशी त्यांनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. लास्त्रीने तो घेतला नाही. खाली लोंबणारा डावा हात तिने दोन्ही हातांत धरला, वाकली आणि कपाळाला लावला.

"अगं, तो डावा..." सार्वोनो पुटपुटले. पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.