बांधलेली पेटी

नागपुरात नंदनवनातल्या घरी बसून कांताबाई व्हिडिओ कॉलवर कॅनडातला लेक प्रशिक दाखवत असलेलं तिथलं संग्रहालय पाहत होत्या. युक्रेनहून शंभरेक वर्षांपूर्वी आलेल्या शेतकऱ्यांची मातीची घरं तिथं होती. जुन्या वेशातली माणसं त्या काळातलीच असल्यासारखी बोलत होती. एक बाई भिंत लिंपत होती. कोपऱ्यात दोरखंडानं बांधलेली पेटी होती. “पेटी अजून काहून सोडली नाही, इचार तिले.” प्रशिकनं विचारलं. उत्तर ऐकून हसला. “थे म्हणते, पुढच्या वर्षी पीक निघालं की गावाले वापस जाऊ. सारे असंच म्हणत होते, आई. गेलं कोणीच नाही.” दर वर्षी तोही ‘पुढच्या वर्षी वापस येतो’ म्हणे, म्हणून कांताबाईंनी त्याची खोली तशीच ठेवली होती. “मंग तुह्या खोलीत किरायदार ठेवू काय, बाबू?” प्रशिक हलला नाही. कांताबाईंना वाटलं, व्हिडिओ अडकला. पण त्याच्यामागं अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.