ही मार्था कोण?

"ही मार्था कोन?" पुंजाराम ओरडला आणि दगड रोवायला खणलेल्या खड्ड्यात उतरून उभा राहिला.

देवळालीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याच्या बायकोच्या कबरीवर आज दगड बसायचा होता. तो मुलानं, शलमोननं, पुण्याहून करून आणला होता. काळाभोर, गुळगुळीत, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत 'मार्था'.

"आबा, आईचा बाप्तिस्मा याच नावानं झालाय," शलमोन म्हणाला. "चर्चच्या नोंदवहीत हेच नाव आहे."

"चर्चमधी ऱ्हाऊ दे की. झोपलीय ती हितं!"

पाळक गावात नवे. त्यांनी मध्ये तोंड घातलं. "आजोबा, प्रभू तिला याच नावानं हाक मारील."

झालं! म्हातारा असा भडकला की कडेच्या उसातल्या चिमण्या उडाल्या.

"मारू द्या! शेवटच्या दिवशी समदे कबरीतनं उठत्याल, आन ही आपली पडून ऱ्हाईल. दुसऱ्याच कुनाला बोलावत्यात म्हनंल! बाजारात, दवाखान्यात, कुनी तिला मार्था म्हनलं व्हतं का कवा? परक्या बाईचं नाव माझ्या मानसाच्या उरावर ठिवता व्हय?"

त्याचं खरंच होतं. ते नाव तिला तान्हेपणी मिळालं आणि चर्चच्या दाराबाहेर कधी पडलंच नाही. पाळक खाली बघू लागले. शलमोननं हात झटकले.

पाथरवट सहादेवनं दगड पालथा केला, कोरी बाजू पुसली आणि छिन्नी धरली. "बोला बाबा. काय कोरू?"

पुंजारामनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तो मुलीकडे, सुवार्ताकडे वळला. "सांग की त्याला."

सुवार्ताचा तोल गेला.

"मी न्हाई सांगनार! जल्मभर 'अगं ए' म्हनून हाका मारल्या तुमी तिला. बायकोचं नाव घेतलं तर लोक हसत्याल, म्हनायचा. आन आता परभूला तिचं नाव शिकवताय? तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं ऱ्हाऊन गेलं तिचं. आज घ्या!"

सहादेव छिन्नी धरून तसाच थांबला.

पुंजाराम खड्ड्यातच गुडघ्यांवर बसला. पाथरवटाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. कबरीच्या मातीवर हात टेकून त्यानं हाक मारली, "बनू."